जुन्या गाडीचे डिस्क ब्रेक कॅलिपर: किट घालावं, स्लीव्ह मारावी की बदलून आणावेत?

एक चाक जड फिरतं, ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, थांबल्यावर एकच रिम हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते. अशा वेळी संशय कॅलिपरवरच, म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरच, येतो. पण खोलण्याआधी एक मिनिटाची चाचणी करा. ब्रेक दाबून सोडा आणि चाक अडकलेलं असतानाच त्या कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) जरासं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपरचा दोष नाही, दाब मागे कुठेतरी कोंडतोय. जुन्या रबरी होज पाइपचं अस्तर आतून सुजलेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. दोन्ही चाकं अडकत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलचा दाब तयार करणारा भाग) बघा. निपल उघडूनही चाक हललं नाही, तरच पिस्टन किंवा सरकत्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत.

आता निवडीचा प्रश्न: किट (नवी रबरी सील आणि बूट) घालायचं, स्लीव्ह (बोअरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या भोकात, बसवलेलं धातूचं अस्तर) मारायची, की कॅलिपरच बदलायचा. तो बजेटवरून सोडवू नका. सील नेमकं कुठे बसतं, त्यावर सगळं ठरतं.

बहुतेक जुन्या कॅलिपरांत चौकोनी छेदाचं सील बोअरच्या खाचेत बसतं आणि पिस्टनला घट्ट धरतं. ब्रेक दाबला की सील पिस्टनबरोबर किंचित पिळतं, सोडला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढं मागे ओढतं. वेगळी स्प्रिंग नसते. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे, बोअरचा नाही. खाचेबाहेर बोअरला बारीक खड्डे असले तरी गळती होत नाही. ते पाहून कॅलिपर भंगारात काढणं किंवा स्लीव्ह मारून आणणं, दोन्ही उगाच.

उलट काही कॅलिपरांत सील पिस्टनवर बसून बोअरवर घासतं. १९६५ ते १९८२ च्या कॉर्व्हेट (अमेरिकन स्पोर्ट्स कार) याचं ठळक उदाहरण. तिथे बोअरवर पडलेला एक खड्डाही गळतो. अशा ठिकाणी स्टेनलेसची स्लीव्ह हाच टिकाऊ इलाज. होन (बोअर आतून घासायचं अवजार) फिरवून खड्डा काढायला गेलात तर बोअर मोठा होतो आणि सीलची पकड जाते.

खाचेतलं सील असलेल्या कॅलिपरला नुसतं किट पुरेल की नाही, हे पिस्टन बाहेर आल्यावरच कळतं. डस्ट बूटच्या (पिस्टनभोवतीच्या धूळ अडवणाऱ्या रबराच्या) कडेजवळचा पट्टा निरखा, ओल तिथेच साचते. क्रोम फुगलेलं किंवा उडालेलं असेल तर पिस्टन बदलाच. घासून गुळगुळीत केलेला पिस्टन काही महिने चालतो आणि मग नव्या सीलची धार खातो.

नवा पिस्टन क्रोमचा घ्यावा की स्टेनलेसचा? वर्षातले आठ महिने गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला आम्ही स्टेनलेसच सुचवू. क्रोम हा फक्त थर असतो, एकदा फुटला की खालचं पोलाद गंजतं. शिवाय स्टेनलेसमधून उष्णता कमी वाहते, त्यामुळे ऑइल कमी तापतं. पण स्टेनलेस फुगतं जास्त. ५४ मिमी व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर साधं पोलाद साधारण ०.०६५ मिमी वाढतं, नेहमीचं स्टेनलेस ०.०९ मिमी. म्हणून मूळ पिस्टनच्याच मापाला घासलेला स्टेनलेस पिस्टन घट्ट बोअरमध्ये गरम झाल्यावर अडकू शकतो. घेताना मायक्रोमीटर लावा. फिनॉलिक (कडक प्लास्टिकचे) पिस्टन गंजत नाहीत, पण ओलावा शोषून फुगतात.

घरी काम करणार असाल तर पिस्टन शक्यतो होज सोडण्याआधी ब्रेकच्या पेडलनेच बाहेर ढकला. कॉम्प्रेसरची हवा वापरायचीच असेल तर अगदी कमी दाबाने, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, बोटं लांब ठेवून. पिस्टन गोळीसारखा सुटतो. एक आधी निघाला तर दुसरा जागचा हलत नाही, म्हणून पहिला क्लॅम्पने धरून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ सीलच्या खाचेला द्या. तिच्या कोपऱ्यात करडी-तपकिरी खपली बसलेली असते, पाहताना ती धातूचाच भाग वाटते. नखाने खरवडा, भुकटी पडली तर ती घाण आहे. तिच्यामुळे नवं सील वर उचललं जातं, पिस्टन घट्ट बसतो आणि नवं किट घालूनही ब्रेक जाम. लाकडी किंवा पितळी टोकाने पूर्ण वळसा साफ करा. तारेचा ब्रश खाचेत नको, पेट्रोल किंवा साधं ग्रीस रबराजवळ नको. जोडणी ताज्या ब्रेक ऑइलने करा, डस्ट बूटपुरतं लाल रबर ग्रीस चालेल. पिस्टन सरळ धरल्यावर दोन अंगठ्यांच्या दाबाने आत जायला हवा. हातोडी उचलावीशी वाटली तर तिथेच थांबा, खाच परत बघा. कॅलिपरचे दोन अर्धे मात्र उगाच वेगळे करू नका. मधलं छोटं सील गळत असेल आणि नेमक्या मापाचं नवं हातात असेल तरच.

दोन पिस्टनच्या कॅलिपरच्या जोडीला चार सील, चार डस्ट बूट, दोन निपल, दोन होज आणि एक लिटर ऑइल लागतं. एकाच बाजूचं काम करू नका, ओढ कायम राहील.

जुने देऊन बदलून मिळणारे तयार कॅलिपर वेळ वाचवतात, पण तुमचं मूळ ओतकाम कायमचं जातं आणि कुणाच्या तरी गंजक्या कॅलिपरवर रंग मारून तो तुमच्या हाती येतो. निपल तुटून आत राहिलं असेल किंवा अंगालाच तडा असेल, तर हा मार्ग रास्त. नवीन बनवलेलेही चालतील. दोन्हीत आटे आधी तपासा. ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचं युनियन (ब्रेक पाइपच्या टोकाचा आट्यांचा जोड) एम१० × १ च्या, म्हणजे १० मिमी मेट्रिक आट्यांच्या, भोकात ढिलं बसतं, थोडं आवळतंही, आणि जोराचा ब्रेक लागला की सुटतं. उलट एम१० चं युनियन ३/८ इंचाच्या भोकात मुळात शिरतच नाही, म्हणून धोका पहिल्याचाच.

बसवल्यावर निपल वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि लिटरभर ऑइल ओतलंत तरी वरची हवा निघत नाही.