गच्चीवरील सौरसंच आणि नेट मीटरिंग : एजन्सीच्या सेवेचा अनुभव

पुण्यातील आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा सौरसंच बसवणाऱ्या स्थानिक एजन्सीचे काम वाखाणण्याजोगे आहे. सांगाडा भक्कम आहे, अर्थिंग स्वतंत्र आहे आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान थेट बँक खात्यात जमा झाले. नेट मीटर (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजणारा मीटर) मात्र रेंगाळला, आणि तो लागेपर्यंत ग्रिडमध्ये, म्हणजे कंपनीच्या वीजवाहिन्यांत, गेलेल्या विजेची बिलात वजावट मिळत नाही, हे आधीच सांगायला हवे होते. आता घेतलेली व दिलेली युनिट्स मीटरवर वेगवेगळी दिसतात आणि शिल्लक पुढच्या बिलात वळती होते. वीजपुरवठा खंडित झाला, की तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी, संचाची वीज त्या तारांत जाऊ नये म्हणून, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरही बंद पडतो. त्यामुळे भर उन्हातही अखंड वीज हवी असणाऱ्यांनी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरच (ग्रिड बंद असतानाही घराला वीज देऊ शकणारा) मागावा.