वाड्यातले ५जी: साताऱ्यातील सहा महिन्यांचा अनुभव

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्यात गेले सहा महिने मी ५जीचा प्लॅन वापरतो आहे. कर-सल्लागाराचे काम घरूनच चालत असल्यामुळे फोनचे हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून दिवसाचे आठ-नऊ तास काढावे लागतात, आणि त्यामुळे ही सेवा मला केवळ करमणुकीसाठी नव्हे, तर पोटापाण्यासाठी लागते. कंपनीचे नाव लिहिण्याचे मी मुद्दाम टाळतो आहे, कारण माझी तक्रार एका कंपनीपेक्षा ५जी या शब्दाखाली जे विकले जाते त्याविषयी अधिक आहे.

राजपथावरील ज्या दुकानात रिचार्ज करून घेतला, तेथील तरुणाने माझी शंका दोन वाक्यांत मिटवली होती. ‘‘काका, सिम बदलायची गरज नाही, हेच चालतंय. फोन ५जीचा आहे, रोजच्या दोन जीबीचा प्लॅन मारा, म्हणजे मग ५जी अनलिमिटेड.’’ यातले पहिले विधान खरे निघाले. ४जीचे सिम ५जीला चालते. दुसरेही खरे होते, कारण जुलै २०२४ मधील दरवाढीपासून मोठ्या खासगी कंपन्यांनी अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवरच ठेवले आहे. मात्र फोन ५जीवर नसेल तेव्हा वापरलेला डेटा त्या २ जीबीतून वजा होतो, हे मला चौथ्या दिवशी दुपारी कळले.

त्या दिवशी चारच्या सुमारास माजघरात बसून एका पक्षकाराची कागदपत्रे चढवत असताना दिवसाचा डेटा संपल्याचा संदेश आला. त्याच क्षणी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ५जी हे चिन्ह ठळक दिसत होते. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, इतका उतरतो. २ एमबीची एक फाइल म्हणजे १६ मेगाबिट, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ती ६४ केबीपीएसने जायला सव्वाचार मिनिटे लागतील, तीही मध्ये काही अडले नाही तर. कंपनीच्या मदत क्रमांकावरील बाईंनी अत्यंत नम्रपणे फोन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. मी तसे केले. चिन्ह पुन्हा ५जीचेच आले आणि वेग होता तेवढाच राहिला.

उलगडा झाला तो फोनमधूनच. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* हा क्रमांक फिरवला की जोडणीची माहिती देणारे एक रूक्ष पान उघडते. त्यात ‘एनआर स्टेट’ अशी एक ओळ असते. एनआर म्हणजे न्यू रेडिओ, ५जीच्या रेडिओ तंत्राचे हे अधिकृत नाव. पोवई नाक्यावर उभे राहून पाहिले तेव्हा त्या ओळीत ‘कनेक्टेड’ होते, तर घरी माजघरात ‘नॉट रिस्ट्रिक्टेड’. म्हणजे घरी ५जी घ्यायला मनाई नव्हती, पण ते मिळतही नव्हते. वरचे चिन्ह मात्र दोन्हीकडे एकच.

असे होण्याचे कारण ५जी उभारण्याच्या पद्धतीत आहे. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि दोन प्रकारे उभी राहिली. स्टँडअलोन पद्धतीत फोन थेट ५जीच्या स्वतंत्र यंत्रणेशी बोलतो. नॉन-स्टँडअलोन पद्धतीत तो आधी ४जीच्या टॉवरशी जोडलेला राहतो आणि ५जीचा प्रवाह त्यावर जादा म्हणून मिळतो, तोही पोहोचला तर. या दुसऱ्या पद्धतीत ४जीचा टॉवर ‘माझ्या जोडीला ५जी आहे’ अशी एक खूण सतत प्रसारित करतो आणि बरेच फोन तेवढ्या भरवशावर चिन्ह रंगवून मोकळे होतात. आमच्या घरात ४जी पोहोचते, म्हणून खूणही पोहोचते. ५जी बाहेर रस्त्यावरच थांबते. चिन्ह पाहून मी निर्धास्तपणे डेटा वापरत होतो आणि तो ४जीच्या खात्यात मोजला जात होता. फसवणूक असे मी म्हणणार नाही, पण ज्या चिन्हावर अमर्याद आणि मोजून दिलेला डेटा यांतला फरक ग्राहकाने ओळखायचा, तेच चिन्ह असे सैल असावे, हे बरोबर नाही.

आता या ‘जी’ मंडळींत (जी म्हणजे जनरेशन, पिढी) नेमका फरक कोणता, हे सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानांत तो केवळ वेगाच्या आकड्याने सांगितला जातो. माझ्या मते तो रेडिओ-लहरींच्या पट्ट्याच्या रुंदीने अधिक चांगला समजतो. २जीचा एक पट्टा २०० किलोहर्ट्झ रुंदीचा असतो आणि त्यावर आठ जण पाळीपाळीने बोलतात. मुळात ती रचना आवाजासाठी केलेली, इंटरनेट नंतर तिच्या माथी मारलेले. फोनवर जी किंवा ई दिसते, ते याचेच जीपीआरएस आणि एज हे दोन अवतार. ३जीने पट्टा ५ मेगाहर्ट्झचा केला आणि सर्वांना एकाच वेळी बोलू दिले, फक्त प्रत्येकाला निराळा संकेत (कोड) दिला. एचचे चिन्ह त्याच्या सुधारित रूपाचे. ४जीत पट्टा २० मेगाहर्ट्झपर्यंत गेला, शिवाय तो शेकडो बारीक धाग्यांत विभागून ज्याला जेव्हा गरज तेव्हा तेवढे धागे देण्याची सोय झाली. ५जीही मुख्यतः याच धाग्यांच्या तत्त्वावर चालते, पण साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपास तिला १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टा मिळतो. पोवई नाक्यावर मला वेग भरपूर मिळतो याचे मोठे कारण हे आहे.

माजघरात तो न मिळण्याचे कारणही तिथेच दडलेले आहे. एवढा रुंद पट्टा खालच्या लहरींमध्ये मोकळा नाही, म्हणून वर जावे लागते, आणि लहर जितकी वरची तितकी ती भिंतीला लवकर हार जाते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांबीची असते, तर ३,५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ सेंटीमीटरची. आमच्या वाड्याच्या भिंती दोन फूट जाड, खाली काळा दगड आणि वर विटा-माती. सोप्यात फोनच्या त्या रूक्ष पानावर ५जीची पातळी उणे ९५च्या आसपास दिसते, माजघरात ती दिसेनाशी होते. हे आकडे डीबीएम या लहरीची शक्ती मोजण्याच्या एककात असतात आणि दर दहा अंकांच्या घसरणीला शक्ती दहापट घटते, हे लक्षात ठेवले तर पडद्यावरील दांड्यांपेक्षा ते पान कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते. त्यातच फोनची स्वतःची प्रक्षेपणशक्ती साधारण वॉटच्या एकपंचमांश एवढीच असते. टॉवरचे बोलणे फोनला ऐकू आले, तरी फोनचे उत्तर टॉवरपर्यंत पोहोचेलच असे नाही. माझ्या कामात फाइली उतरवण्यापेक्षा चढवणे जास्त, म्हणून ही उणीव मला अधिक जाणवली. शिवाय ५जीच्या या पट्ट्यात उतरणे आणि चढणे एकाच वाटेवर पाळीने चालते आणि वेळेचा मोठा वाटा उतरण्याला दिलेला असतो.

शहराबाहेरचा अनुभव थोडक्यात सांगतो. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना ५जी आधी सुटते, पुढे ४जी टिकते, आणि बामणोलीकडे उतरताना एका वळणानंतर ई दिसू लागतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डोंगराआड खालच्या लहरीच तग धरतात.

कॉलच्या बाबतीत मात्र ५जीच्या जाहिरातीचा काही संबंध नाही. आमच्याकडे कॉल ४जीवरूनच, व्होएलटीई पद्धतीने जातो, आणि ती सोय फोनमध्ये बंद असेल तर कॉल येताच फोन २जीवर उतरून इंटरनेट थबकते. दुसऱ्या एका पक्षकाराशी चाललेला व्हिडिओ कॉल असाच दोनदा तुटल्यावर मी ते बटण शोधून चालू केले. वडिलांचा बटणांचा फोन अजून २जीवरच आहे आणि माझ्यापेक्षा त्यांची तक्रार कमी असते. ‘‘तुझं ते ५जी घरात येतंय का रे, की वेशीवरच बसतंय?’’ असे ते अधूनमधून विचारतात. खासगी कंपन्यांनी ३जी बहुतेक ठिकाणी आवरले आणि २जी ठेवले, ते अशा फोनांसाठी आणि दुकानांतील कार्ड घासण्याच्या जुन्या यंत्रांसाठी.

सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. शहरात, उघड्यावर, ती उत्तम आहे. जाड भिंतींच्या घरात दिवसभर बसणाऱ्याने मात्र प्लॅन घेण्याआधी कुणाकडून त्याच कंपनीचे सिम एका दिवसासाठी मागून आणावे आणि नेहमीच्या बैठकीच्या जागी ती एनआर स्टेटची ओळ वाचावी. कंपनीचे ५जी नॉन-स्टँडअलोन असेल आणि तिथे ‘कनेक्टेड’ नसेल तर ५जीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मी स्वतः प्लॅन बदलला नाही, टेबल बदलले. ते माजघरातून सोप्यात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी आणले आणि फोन खिडकीच्या कोनाड्यात ठेवला. आता संध्याकाळी सहाला २ जीबीपैकी दीड तरी शिल्लक दिसतात. पण त्या खिडकीला बाहेरून पत्र्याची झडप आहे आणि पावसाच्या सरी आत येऊ लागल्या की ती ओढून घ्यावी लागते. झडप ओढली की ‘कनेक्टेड’ जाते, चिन्ह राहते. तिथे काचेचे तावदान बसवण्याचा सुताराचा खर्च मी अजून प्लॅनच्या किमतीत धरलेला नाही.