डिस्लेक्सियाची "स्पेशल विंग" बघून मुलाची शाळा बदलली आणि फसलो, सांगलीतल्या आईबापांनी वाचा

खूप दिवस लिहू का नको करत होते. ॲडमिशनचा सीझन परत आलाय आणि काल पेपरात त्याच शाळेचं पॅम्प्लेट घरात पडलं, म्हणून आता लिहितेच.

आमचा मुलगा अथू दुसरीत होता तेव्हा बाई म्हणायच्या लक्ष नाही त्याचं. घर लिहायला सांगितलं की धर, मगर म्हणलं की भगर, वेलांट्या तर कुठं जातील त्याचा नेम नाही, जोडाक्षर आलं की पेन्सिल खाली. पण तोंडी काहीही विचारा, आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, त्यांनी रात्री जेवताना सांगितलेले भाव त्याला चार दिवसांनी पण पाठ असायचे. सासूबाई म्हणायच्या ह्याचा बाप पण उशिराच वाचायला शिकला, होईल नीट. मला पटत नव्हतं, कारण तो रोज वही लपवायला लागला होता. मिरजेच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा डिस्लेक्सिया असू शकतो, म्हणजे मूल हुशार असूनही वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होतो, आठ वर्षं पूर्ण झाली की टेस्ट करू, तोपर्यंत त्याला मारू नका, मोठ्यानं वाचून दाखवा. अजून सात महिने थांबायचं होतं. तेवढं माझ्यानं थांबवलं नाही.

पॅम्प्लेटवर लिहिलेलं, डिस्लेक्सिया, स्लो लर्नर, एकाग्रता, सगळ्यावर एकाच छताखाली उपाय, एका वर्षात मूल नॉर्मल. शाळा इंग्लिश मीडियम, गावाबाहेर, काचेची बिल्डिंग. तिथल्या मॅडमनी इतकं गोड बोलून माझं ऐकून घेतलं की मी त्यांच्यासमोर रडले. आजवर कुणी म्हणलंच नव्हतं की तुमचा मुलगा हुशार आहे, चूक तुमची नाही. त्या म्हणल्या आणि मी तिथंच विकले गेले. पुढचं सगळं त्यामुळं झालं.

आधी अथूच्या दहा बोटांचे ठसे घेतले, मशीनवर. ठशांवरून मेंदूचा कुठला भाग कमी चालतो ते कळतं म्हणे, त्याचे ४,५०० रुपये. रंगीत फाईल आली, त्यात पोरगं कलेक्टर होणार का कलाकार इथपर्यंत सगळं लिहिलेलं. आता सांगते, बोटांच्या ठशांवरून डिस्लेक्सिया कळत नाही, त्याला काही शास्त्रीय आधार नाही. मग डेव्हलपमेंटचे ४०,००० रोख, त्याची पावती वेगळ्याच ट्रस्टच्या नावानं आणि त्यावर "ऐच्छिक देणगी". वर्षाची फी ६२,०००, रेमेडियलचे, म्हणजे अशा मुलांच्या खास तासाचे, महिन्याला ३,००० वेगळे. आमचे हे लिलावात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पोत्याला हात लावू देत नाहीत कुणाला, पण तिथं त्यांनी पण काही मोडून बघितलं नाही, कारण मी घाई लावली होती. हे मी अजून त्यांना नीट बोलू शकले नाही.

पहिले तीन महिने वह्या बघून मी खूष. काय सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. एकदा सहज म्हणलं, बाळा हे वाच की. त्यानं वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणला, "आई, हे फक्त काढायचं असतं." म्हणजे तो फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवत होता! वर इंग्रजीची भर. मराठीत क म्हणलं की क, अक्षर आणि आवाज एकमेकांना धरून असतात, इंग्रजीत सी कधी क होतो कधी स, तेव्हा ज्याला मूळ अक्षरंच सांभाळता येत नाहीत त्याला आम्ही मीडियम बदलून दुप्पट ओझं दिलं. हा निर्णय पण त्या मॅडमच्या सांगण्यावरून, "इंग्लिशमध्ये मटेरियल जास्त असतं."

मग पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं तसं मी न कळवता दुपारीच त्याला आणायला गेले. शिपाई नव्हता जागेवर, मी सरळ रेमेडियल रूमकडं गेले. खोलीत जुन्या बाकांचा ढीग, झेरॉक्सचे गठ्ठे आणि खाली सतरंजीवर अकरा मुलं रंग भरत बसलेली. कुणी दुसरीतलं, कुणी सातवीतलं, एका पोराला ऐकू कमी येत होतं. एक ताई होती, विशीतली असेल. मी विचारलं तुम्ही स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं ट्रेनिंग घेतलेल्या शिक्षिका का? बिचारीनं खरं सांगितलं, "नाही हो काकू, मी बारावी झालेय, मला फक्त ह्यांना शांत बसवायला सांगितलंय." त्या पोरीचा मला राग नाही.

त्यानंतर मी सगळं शोधायला बसले. स्पेशल एज्युकेटर असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, नोंदणी लागते, हा कायदा १९९२ चा आहे, प्रत्येकाला नंबर असतो आणि तो त्यांच्या साईटवर तपासता येतो. शाळेकडं नंबर मागितला तर आठ दिवस टाळलं, मग जो दिला तो साईटवर सापडलाच नाही. शाळेनं लेटरहेडवर "डिस्लेक्सिया आहे" असं सर्टिफिकेट दिलं होतं, ते बोर्डात चालेल म्हणाले होते. चालत नाही. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलत पाहिजे असेल तर सरकारी मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच टेस्ट होऊन प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात हे अध्ययन अक्षमता म्हणून येतं. आम्ही नंतर ती खरी टेस्ट केली, चार हेलपाटे झाले, आधी बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं. ठशांचा विषयसुद्धा निघाला नाही.

शाळा सोडायची म्हणलं तर दाखला देईनात. उरलेली फी भरा मग दाखला. मी महिनाभर घाबरून गप्प होते, आता वाटतं कशाला घाबरले. आमच्या जुन्या मराठी शाळेच्या हेडबाईंनी सांगितलं, आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला अडवता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश पण नाकारता येत नाही. त्यांनी अथूला त्याच आठवड्यात वर्गात बसवलं. देणगीबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज दिलाय, कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी देणगी घेणं, कायद्यानं बंद आहे, पण पावतीवर "ऐच्छिक" लिहिलंय त्याच्यावर शाळा अडून बसलीय. पैसे अजून आलेले नाहीत.

आता त्या साध्या शाळेत काय चाललंय ते पण सांगते. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येतात, फुकट, रोज नाही येत, पण आले की अथूबरोबर घ आणि ध वाळूत बोटानं गिरवतात, शब्द तोडून टाळ्या वाजवून म्हणतात. बाई त्याला प्रश्न वाचून दाखवतात आणि तोंडी उत्तर घेतात. वर्षात नॉर्मल होईल असं कुणीच म्हणत नाही. सर म्हणाले, हा आजार नाही, औषधानं जाणारा नाही, वाचन हळूच येणार, पण येणार. वही लपवायची त्यानं बंद केलीय.

मागच्या आठवड्यात तासगावच्या एका भाऊंचा फोन आला, त्यांच्या मुलीसाठी त्याच शाळेत पाच हजार टोकन भरून आले होते. मी एवढंच म्हणलं, बाकीचे भरायच्या आधी कुठल्याही बुधवारी अकरा वाजता न सांगता जा आणि म्हणा रेमेडियलचा तास चालू असताना बघायचाय, शिकवणाऱ्याचा आरसीआय नंबर द्या आणि माझ्या मुलीसाठी काय काय शिकवणार तो आराखडा कागदावर द्या. ते गेले. गेटवरच सांगितलं, "मुलांची प्रायव्हसी असते, आत सोडता येणार नाही." नंबरासाठी ईमेल करा म्हणाले. भाऊंनी बाकीचे पैसे भरलेले नाहीत, टोकन परत मागितलंय, त्याचं काय होतं ते कळलं की खाली लिहीन.