ऑफिसला स्टॅटिक आयपी: डिव्हाइसवर टाकायचा, राऊटरमध्ये रिझर्व्ह करायचा की कनेक्शनवर विकत घ्यायचा?

आयपी म्हणजे नेटवर्कवरचा नंबर आणि स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. "आम्हाला स्टॅटिक आयपी करून द्या" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, नक्की अडलंय कुठे? कारण या एका वाक्यात दोन पार वेगळी कामं लपलेली असतात. एकाला ऑफिसमधला प्रिंटर सारखा गायब होतो म्हणून स्टॅटिक हवा असतो, ते काम आतलं, राऊटरच्या अलीकडचं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्याला घरून ऑफिसच्या सर्व्हरवर यायचं असतं किंवा समोरची कंपनी "तुमचा आयपी कळवा" म्हणून मागे लागलेली असते, ते बाहेरचं काम, तिथे प्रोव्हायडरला विचारावं लागतं आणि बहुतेक वेळा दर महिन्याला पैसे जातात. प्रिंटरसाठी पब्लिक आयपी (इंटरनेटवर बाहेरून दिसणारा नंबर) विकत घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत, आणि प्रिंटर तरीही गायब होतोच, कारण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

आधी आतलं बघू, हाताने की रिझर्व्हेशन

हाताने म्हणजे प्रिंटरच्या किंवा पीसीच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१.५० असा नंबर स्वतः टाकायचा. रिझर्व्हेशन म्हणजे डिव्हाइस ऑटोमॅटिकवरच ठेवायचं आणि राऊटरला सांगायचं की नेटवर्क कार्डाचा हा ओळख नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आला की त्याला कायम ५० नंबरच दे. दोन्हीचा परिणाम वरून सारखाच दिसतो, फरक कळतो तो काहीतरी बिघडतं तेव्हा.

माझ्या हातून झालेलं एक सांगतो. प्रिंटरला ५० नंबर हाताने टाकला आणि राऊटरचा डीएचसीपी पूल, म्हणजे तो आपोआप वाटतो त्या नंबरांचा साठा, तसाच २ ते २५४ ठेवला. कित्येक महिने मस्त चाललं. मग जोडून सुट्ट्या आल्या, प्रिंटर बंद होता, आणि त्या काळात कुणाच्या तरी फोनला राऊटरने नेमका ५० देऊन टाकला. त्याची काही चूक नाही, तो नंबर घेतलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, काही राऊटर नंबर देण्याआधी पिंग करून, म्हणजे हाक मारून बघतात पण बंद प्रिंटर उत्तर कुठून देणार. सोमवारी प्रिंटर चालू केला आणि एकाच नंबरचे दोन मालक झाले. कुणाचं प्रिंट जातंय, कुणाला ऑफलाइन दिसतंय, दहा मिनिटांनी उलटं. असला लपंडाव शोधायला अर्धा दिवस जातो, कारण प्रत्येक पीसी आपल्या आठवणीतल्या मॅक अ‍ॅड्रेसवर पाठवत असतो आणि ती आठवण वेगवेगळ्या वेळी बदलते. म्हणून हाताने टाकायचंच असेल तर आधी पूल आखडता घ्या, म्हणजे १०० ते २०० एवढाच ठेवा, आणि हातचे नंबर सगळे त्याच्या बाहेर.

हाताने टाकताना अजून एक होतं. चार गोष्टी भराव्या लागतात, आयपी, सबनेट मास्क (नेटवर्क केवढं ते), गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राऊटर), डीएनएस (नावावरून नंबर सांगणारा). गेटवे राहून गेला की प्रिंट व्यवस्थित निघते पण स्कॅन करून मेल करायला गेलं की एरर येते, कारण प्रिंटरला ऑफिसच्या बाहेर जायचा रस्ताच माहीत नसतो. लोक मेलचा पासवर्ड तपासत बसतात आणि चूक असते या एका रिकाम्या चौकोनात. रिझर्व्हेशनमध्ये हा प्रश्नच येत नाही, चारही गोष्टी राऊटर स्वतः देतो, आणि उद्या डीएनएस बदलायचा झाला तर एका जागी बदलला की लीज, म्हणजे नंबरची मुदत, रिन्यू होताना सगळ्यांकडे आपोआप पोचतो.

मग रिझर्व्हेशनमध्ये खोट काहीच नाही का? आहे ना. राऊटर रिसेट झाला की सगळी यादी गेली, म्हणून कॉन्फिगची बॅकअप फाइल काढून ठेवायलाच हवी, तीही राऊटरच्या बाहेर. लॅपटॉपला केबलचा एक आणि वायफायचा दुसरा असे दोन मॅक असतात, एक रिझर्व्ह केला आणि माणूस दुसऱ्यावरून आला तर वेगळा नंबर मिळणार. फोनची तर वेगळीच गोष्ट, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न देता बनवलेला देतात, त्यामुळे हजेरी किंवा बिलिंगचं अ‍ॅप ज्या टॅबवर चालतं तिथे त्या ऑफिस वायफायपुरतं ते सेटिंग बंद करावं लागतं. आणि काही राऊटरना रिझर्व्ह केलेला नंबर पूलच्या आतला हवा असतो, काहींना चालेल तो चालतो, हे आपल्या राऊटरवर एकदा करून बघायचं.

माझं मत विचाराल तर राऊटर, मॅनेज्ड स्विच, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मुख्य सर्व्हर हाताने, कारण राऊटर आजारी असताना याच गोष्टींपर्यंत पोचायचं असतं आणि त्यांनी नंबरसाठी त्याच्याकडेच बघत बसणं बरं नाही. बाकी प्रिंटर, बिलिंगचा पीसी, कॅमेऱ्याचा डीव्हीआर हे सगळं रिझर्व्हेशन. मी २ ते १९ नेटवर्कच्या सामानाला, २० ते ४९ सर्व्हर आणि प्रिंटरला, ५० ते ९९ कॅमेऱ्यांना आणि १०० च्या पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांना अशी वाटणी करतो, नंबर बघूनच कळतं कोण बोलतंय.

आणि हे सगळं करायला बसलातच तर रेंजही बदलून टाका. १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x या कंपनीतून आलेल्या रेंज घरोघरी असतात, उद्या घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) लावलं आणि दोन्हीकडे तीच रेंज निघाली तर लॅपटॉपला कळत नाही की १९२.१६८.१.२० म्हणजे ऑफिसचा सर्व्हर की घरचा टीव्ही. १९२.१६८.३७.x, १०.४१.७.x असं काहीतरी आडवळणाचं घ्या. पाच डिव्हाइस असताना हे काम दहा मिनिटांचं आहे, चाळीस झाल्यावर सुट्टीच्या दिवशी यावं लागतं.

आता बाहेरचं

पैसे भरायच्या आधी एक गोष्ट तपासा. राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा नंबर) काय दिसतोय ते लिहून घ्या आणि ब्राउझरमध्ये "माझा आयपी" दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही नंबर सारखे असतील तर पब्लिक आयपी तुमच्याकडे आहे, फक्त तो बदलता असू शकतो. राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ च्या मधलं काही दिसलं तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकाच पब्लिक आयपीवर प्रोव्हायडरने अनेक ग्राहक बसवलेत. आयपीव्ही४ चा, म्हणजे या चार आकड्यांच्या नंबरांचा, जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, ती १००.६४ ची रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढली गेली. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा नंबर दिसला तर बहुधा प्रोव्हायडरचा डबा स्वतःच राऊटरगिरी करतोय आणि तुमचा राऊटर त्याच्या मागे आहे, किंवा प्रोव्हायडरचंच नॅट (अनेकांना एका नंबरामागे बसवणारी व्यवस्था) तिथे आहे.

हे का महत्त्वाचं, तर सीजीनॅटच्या मागे डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणारी सेवा) लावून काही होत नाही. नाव बरोबर अपडेट होतं पण ते ज्या नंबराकडे बोट दाखवतं तो तुमचा एकट्याचा नाही, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून आलेलं तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

आता पर्याय तीन. पब्लिक पण बदलता आयपी असेल तर डायनॅमिक डीएनएस, स्वस्तात काम होतं, आयपी बदलला की राऊटर नवीन नंबर कळवतो आणि काही मिनिटांत नाव परत चालू. मालकाला घरून कॅमेरे बघायचेत किंवा व्हीपीएनने फाइल उघडायच्यात, तेवढ्याला हे पुरतं. सीजीनॅट असेल आणि येणारे जाणारे सगळे आपलेच लोक असतील तर टेलस्केल, क्लाउडफ्लेअर टनेल असल्या प्रकारात ऑफिसचं मशीन आतून बाहेर कनेक्शन करतं, त्यामुळे पोर्ट उघडायला लागत नाही आणि स्टॅटिकही लागत नाही. पण काम तिसऱ्या कंपनीच्या भरवशावर चालणार हे मान्य असलं पाहिजे.

तिसरा, खरा स्टॅटिक. तो कधी घ्यायचा यासाठी माझी कसोटी एकच आहे, तुमचा नंबर दुसऱ्या कुणाच्या वहीत लिहिलेला असणार आहे का? समोरच्याने फायरवॉलमध्ये व्हाइटलिस्ट केलाय (परवानगीच्या यादीत टाकलाय), दोन ऑफिसमध्ये कायमची व्हीपीएन आहे आणि पलीकडचा फायरवॉल नंबरच मागतो, किंवा स्वतःचा मेल सर्व्हर आहे ज्याला रिव्हर्स डीएनएस (नंबरावरून नाव सांगणारी नोंद) लागतो, तर घ्याच. आमच्याकडे रोज एका बाहेरच्या सर्व्हरवर फाइल चढवायची होती, त्यांनी आमचा तेव्हाचा बदलता आयपी व्हाइटलिस्ट केला, दोन महिने सुरळीत. एका संध्याकाळी लाइट गेली, राऊटर परत चालू झाला तो नवीन नंबर घेऊन, आणि समोरच्यांकडे नवीन नंबर चढवायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन माणूस पाठवावा लागला. तिथे डायनॅमिक डीएनएसचा उपयोग नव्हता कारण त्यांच्या यादीत नाव चालतच नव्हतं.

स्टॅटिक घेतल्याने नेट फास्ट होत नाही, हे स्पष्ट सांगतो कारण विकताना तसं सुचवलं जातं. सुरक्षितही होत नाही. उघडं पोर्ट शोधत फिरणारे बॉट सगळ्याच पब्लिक आयपींवर धडका देत असतात, फक्त स्टॅटिकवर एकदा सापडलेलं दार पुढच्या महिन्यातही तिथेच असतं. म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट किंवा डीव्हीआरचं पोर्ट थेट बाहेर उघडू नका, कृपा करून नका, राऊटरवर व्हीपीएन चालू करा आणि लोकांना त्यातून आत घ्या.

एक आयपी की ब्लॉक

बिझनेस कनेक्शनवर /२९ चा ब्लॉक, म्हणजे सलग नंबरांचा गट, देऊ करतात. त्यात नंबर ८, पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही म्हणून उरले ६, त्यातला एक बहुतेक वेळा प्रोव्हायडरच्या गेटवेला, तुमच्या हातात ५. छोट्या ऑफिसला एकच पुरतो, दोन वेबसाइट असल्या तरी रिव्हर्स प्रॉक्सी (पुढे बसवलेला सर्व्हर) नाव बघून वाटून देतो. ब्लॉक घ्यावा असं एक कारण मात्र मला पटतं, पाहुण्यांच्या वायफायचा ट्रॅफिक वेगळ्या आयपीने बाहेर काढता येतो, म्हणजे कुणाच्या व्हायरसवाल्या लॅपटॉपमुळे तुमच्या मेल सर्व्हरचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जाणार नाही. ब्लॉक घेताना हे विचारा की तो वॅनच्या बाजूला थेट मिळणार की वेगळ्या एका आयपीच्या मागे राऊट करून, कारण राऊटरवर दोन्हीचं सेटिंग वेगळं होतं.

सेटिंग करताना बहुतेकजण अडतात ते इथे: आयपी स्टॅटिक घेतला म्हणून राऊटरच्या वॅन पेजवर "स्टॅटिक" निवडतात आणि नेट जातं. अनेक प्रोव्हायडर स्टॅटिक नंबर पीपीपीओई लॉगिनला (त्यांनी दिलेल्या युजरनेम-पासवर्डला) किंवा मॅकला बांधून देतात, तिथे राऊटरवर पीपीपीओई किंवा ऑटोमॅटिकच ठेवायचं असतं, नंबर आपोआप तोच येतो. त्यांनी कागदावर आयपी, मास्क आणि गेटवे असं सगळं लिहून दिलं असेल तरच हाताने टाका, आणि मास्क जसा दिलाय तसाच, सवयीने २५५.२५५.२५५.० नको, /२९ ला तो २५५.२५५.२५५.२४८ असतो. प्रोव्हायडरचा डबा पुढे असेल तर त्याला ब्रिज मोडमध्ये (राऊटरगिरी न करता नुसतं पुढे पाठवायच्या मोडमध्ये) टाकायला सांगा, नाहीतर पब्लिक आयपी त्याच्यावरच थांबतो आणि तुमच्या राऊटरवर परत १९२.१६८.

ऑर्डर देण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी: रिव्हर्स डीएनएस लावून देता का, कुठली पोर्ट बंद ठेवता, विशेषतः मेलचं २५, राऊटर बदलला तर नंबर तोच राहतो का, आणि आयपीव्ही६ देत असाल तर त्याचा प्रीफिक्सही (नंबराचा सुरुवातीचा भाग) कायमचा आहे का.

बॅकअप लाइन असेल तर तिचाही विचार आत्ताच करा. मुख्य लाइन पडली आणि राऊटर सिमच्या किंवा दुसऱ्या प्रोव्हायडरच्या नेटवर गेला की स्टॅटिक नंबर सोबत येत नाही, तो त्या पहिल्या लाइनचा आहे. नेट चालू दिसेल पण व्हाइटलिस्टवालं काम बंद, व्हीपीएन बंद. दुसऱ्या लाइनवरही स्टॅटिक घेऊन समोरच्यांच्या यादीत दोन्ही नंबर पहिल्याच दिवशी चढवून घेतले तर अडत नाही, आणि चढवले की मुख्य लाइनची केबल काढून खरंच चालतंय का ते तेव्हाच बघून घ्या.