गुडघ्यासाठी काय बरं: तळ्याकाठी चालणं की घरची सायकल?

काकूंचा मुरगळलेला गुडघा आता बराय, डॉक्टरांनी व्यायामाला होही म्हटलंय. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी चालावं की घरात जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल घ्यावी, एवढंच ठरत नाही.

खर्चात चालणं सरस, बूट तेवढे चांगले हवेत. पण भार बघा: सपाटीवर चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीचपट जोर येतो, सायकलवर त्याच्या निम्माच. सीटकडे मात्र लक्ष हवं. काकूंनी भाच्याची तसलीच सायकल चालवली तेव्हा गुडघा पोटाला लागत होता. सीट चार बोटं वर घेतली, कळ थांबली. पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकावा.

एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात चालणं सातच्या आत उरकावं लागतं.

दुखरा गुडघा, जास्त वजन असेल तर आधी सायकल. दुखणं सरलं आणि हाडं बळकट करायची असतील तर चालणंच.