ताशावालीच्या कानांनी ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’

पथकात ताशा वाजवायला लागलं की कानांना एक खोड जडते. कुठलंही संगीत लागू दे, गाणारा काय म्हणतोय ते नंतर, आधी मागे कोण वाजवतंय ते शोधायचं. त्यामुळे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राने माझी कायम निराशाच केली होती. व्हायोलिनवाल्यांची ही मोठी रांग आणि तालवाद्यं वाजवणारी दोन-तीन माणसं सगळ्यांच्या मागे. बराच वेळ हाताची घडी घालून उभी, मग कुठेतरी एक ‘धडाम’, की परत घडी. स्कॉटलंडचा संगीतकार जेम्स मॅकमिलन याने ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’ या कॉन्चर्टोत (कॉन्चर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या सोबतीला अशी रचना) तोच मागचा माणूस उचलून सगळ्यांच्या पुढे आणलाय. जवळपास पंचवीस मिनिटं त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही.

मी ऐकली ती नॅक्सॉस कंपनीची सीडी: तालवाद्यांवर कॉलिन करी, अल्स्टर ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ताकुओ युआसा. माझ्यापर्यंत ती पथकातूनच आली. आमचा एक ढोलवाला नाशिकच्या शरणपूरचा, ख्रिस्ती वस्तीतला आहे, रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. सरावाला मैदानात चिखल होता म्हणून सगळे आडोशाला उभे होतो, तेव्हा त्याने विषय काढला की बायबलवर असं काहीतरी आहे, ज्यात गाणारा एकही नाही आणि सगळी गोष्ट बडवणारा सांगतो. ‘बडवणारा’ हा शब्द त्याचाच. आम्ही आपसात असंच बोलतो.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की ऐकण्यात फरक पडतो. मॅकमिलनचा जन्म 1959 चा, तो श्रद्धाळू कॅथलिक. हे काम त्याने 1991 च्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधीचे आठवडे सुरू होतात तेव्हा, हाती घेतलं आणि 1992 च्या ईस्टर रविवारी संपवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते पहिल्यांदा वाजलं. वाजवणारी एव्हलिन ग्लेनी, सोबत स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा. रचना ग्लेनीसाठीच लिहिलेली. ही बाई बाराव्या वर्षापासून जवळजवळ पूर्ण बहिरी आहे. आवाजाचा कंप ती अंगाने ओळखते आणि त्यासाठी स्टेजवर अनवाणी वाजवते. ढोल कमरेला बांधून तासभर उभं राहिलेल्या माणसाला यात चमत्कार वाटणार नाही. टोल, म्हणजे ढोलाचा मोठा ठोका, कानांआधी पोटात कळतो हे आमच्याकडे नवीन पोरांनाही पहिल्याच आठवड्यात समजतं.

सगळी सुरावट एका जुन्या प्रार्थनागीतातून काढलेली आहे, रचनेचं नावही त्याचंच. फ्रान्समधलं पंधराव्या शतकातलं, तारणाऱ्याला ‘ये’ म्हणून हाक मारणारं. ढोलवाल्याने मला ते दोन ओळी गुणगुणून दाखवलं होतं आणि मी सुरुवातीपासून तेच शोधत बसले. सापडत नाही. तुकडे सापडतात: कुठे तीन सूर, कुठे नुसती चाल, कुठे एखादा ताणून लांबवलेला स्वर. पूर्ण गाणं असं समोर येतं ते पार शेवटाकडे. चांगला तबलजी समेची जागा कितीतरी वेळ नुसती दाखवत राहतो आणि मग एकदाच येतो, तसा हा प्रकार.

पहिला भाग म्हणजे हत्यारांची ओळखपरेड. कातडी, लाकूड, धातू अशी सगळी वाद्यं एकामागून एक दणक्यात येतात आणि वाजवणारा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळतोय हे हेडफोनमध्येही कळतं. छान आहे, पण खरं सांगायचं तर इथे मी फारशी गुंतले नाही. आमच्या मिरवणुका वाकडी बारवेपासून सुरू होतात तेव्हाचा पहिला गजर ऐकलेल्या माणसाला ‘मोठा आवाज’ या गोष्टीचं अप्रूप कमीच.

खरी मजा नंतर, ‘हार्टबीट्स’ नावाच्या भागात. ऑर्केस्ट्राच्या पोटातून एक ठोका सुरू होतो. धक्‌-धक्‌. मॅकमिलनने स्वतः लिहून ठेवलंय की हे ठोके म्हणजे ख्रिस्ताचं माणूसपण आहे. देव माणूस झाला हे सांगायला त्याने ना देवदूत घेतले ना गव्हाणी. काळीज घेतलं. हे ठोके त्या भागापुरते राहत नाहीत, पुढे सगळ्या रचनेत कुठे ना कुठे चालू असतात. कधी उघड, कधी इतक्या खाली की आपल्याच छातीतले आहेत की काय असं वाटावं. ताशावालीला टोलाचं महत्त्व कोणी शिकवायला नको, कारण टोल पडला नाही तर माझी तर्री, म्हणजे ताशावरची सलग जलद वाजवणी, नुसती कडकडाट होते, तिला बूड राहत नाही. पण टोलाला असा अर्थ देता येतो हे मला इथे पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

पुढे ‘डान्स – हॉकेट’. हॉकेट ही युरोपातली मध्ययुगीन युक्ती: एकच ओळ दोघा-तिघांत फोडायची, एकाचा सूर संपला की दुसऱ्याचा लगेच, मध्ये फट दिसता कामा नये. दोन ताशे समोरासमोर घेऊन मात्रा वाटून वाजवल्यात का कधी? तेच, फक्त इथे समोर अख्खा ऑर्केस्ट्रा आणि वेग असा की मोजायला गेलात तर हरलात. पथकातल्या पोरांना हाच तुकडा ऐकवला. एकाने विचारलं, “ताई, हा माणूस एकटाच आहे?” एकटाच आहे. कॉलिन करीच्या हाताची सफाई इथे ऐकून घ्यावी. काडी पडल्याचा आवाज वेगळा, वाद्य बोलल्याचा वेगळा, आणि तो पहिला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही.

आणि मग सगळं थांबतं. ‘गाउदे, गाउदे’ हा मधला मोठा भाग. गाण्याच्या ध्रुवपदात ‘आनंद करा’ असं आहे, त्यामुळे आता धांगडधिंगा होणार अशी माझी तयारी होती. होतं उलटंच. ऑर्केस्ट्राचे चार गट होतात आणि ध्रुवपदाचे तेच चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह, चौघे वेगवेगळ्या चालीने, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा घोळवत राहतात. कुणी पुढे, कुणी मागे, कुणाला घाई नाही. लांब कुठेतरी मोठा समुदाय एकच प्रार्थना आपापल्या गतीने पुटपुटतोय असा भास मॅकमिलनला हवा होता, आणि तो साधलाय. त्यावर मॅरिम्बा तरंगत असतो. मॅरिम्बा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, मऊ गोळ्याच्या काड्यांनी वाजवायचं. ज्या माणसाने दहा मिनिटांपूर्वी जीव काढला तोच आता एकेक सूर ठेवतोय, आणि तो विरेपर्यंत थांबतोय. जोरात वाजवणारे आमच्याकडे खंडीभर आहेत. हळू वाजवताना लय न सोडणारे हाताच्या बोटांवर. या एका भागासाठी मी सीडीला पैकीच्या पैकी द्यायला तयार आहे.

या शांततेतून बाहेर पडताना एक स्वर धरून ठेवतात आणि तो फुगत फुगत जातो, मग आधीचं नृत्य परत उसळतं आणि त्याच्या डोक्यावर शेवटी ते प्रार्थनागीत संपूर्ण उभं राहतं. मॅकमिलनच्या मनात लूकच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय होता: सूर्य-चंद्र-ताऱ्यांत चिन्हं दिसतील, तेव्हा घाबरून वाकू नका, डोकं वर करून उभे राहा, सुटका जवळ आली आहे. हा वचनाचा भाग ढोलवाल्याने मला आधीच सांगितला होता. न सांगताही पाठ ताठ झाली असती.

शेवटाला एक गंमत आहे आणि सीडीचं दुबळेपणही तिथेच आहे. नाताळाची वाट पाहणारं संगीत एकदम उडी मारून ईस्टरच्या रात्रीत जातं. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारपासून घंटा मुक्या असतात आणि ईस्टरच्या जागरणविधीत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं की सगळ्या एकदम वाजवतात. इथे ऑर्केस्ट्रातली माणसं आपापली वाद्यं खाली ठेवतात आणि लहान लहान घंटा हातात घेऊन किणकिणवू लागतात. एकलवादक चालत मागे जातो, उंचावरच्या नळीच्या मोठ्या घंटांपाशी, आणि त्या वाजवतो. प्रत्यक्षात हे डोळ्यांनी बघायचं आहे. सीडीवर एक झगमगणारा धातूचा आवाज येतो, कानाला गोड लागतो, पण वादक चालला, बाकीच्यांनी वाद्यं ठेवली, हे कळायला मार्गच नाही. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटेल, ‘बरं, शेवटी घंटा वाजल्या.’ कुठे चित्रीकरण मिळालं तर निदान शेवटची चार मिनिटं बघाच.

ग्लेनीचं स्वतःचं, कंडक्टर सरास्तेच्या हाताखालचं ध्वनिमुद्रणही आहे, 1993 सालचं. ढोलवाल्याचं मत तेच भारी. मला करी जास्त पटतो. ग्लेनीकडे धग आहे, पण हॉकेटच्या भागात मला कोण कुठे ते करीकडे स्वच्छ दिसतं. यावरून आमचं भांडण मिटलेलं नाही.

आता तक्रारी. एक, एका भागातून दुसऱ्यात नेणारे जोडतुकडे दोन आहेत, त्यातला पहिला मला लांबलेला वाटला. दुसरी तक्रार रचनेची नाही. मोबाइलवर एका फुकटच्या अ‍ॅपवर लावून बघितलं, तर ‘गाउदे’ सुरू व्हायच्या तोंडावर घरकर्जाची जाहिरात. रचना अखंड आहे, पण अ‍ॅपवर भाग सुटे सुटे टाकलेले असतात, त्यामुळे शफल बंद आहे ना ते आधी बघा, नाहीतर ईस्टर आधी आणि नाताळ नंतर. तिसरं, हे गाडीत ऐकायचं संगीत नाही. पाथर्डी फाट्याहून अंबडला कंपनीत जाताना लावलं तर ठोके ट्रकच्या खाली जातात, आणि ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढचा दणका कानठळ्या बसवतो. दिवसभर कंपनीच्या क्वालिटी विभागात प्रेस मशीनच्या आवाजात काढलेल्या कानांना आधी तासभर विश्रांती द्या, मग रात्री बरे हेडफोन लावून बसा.

‘बायबलवरचं आजचं ऑर्केस्ट्रा संगीत’ म्हटलं की जाणकार लोक एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पार्ट याचं नाव घेतात: एकेक सूर, भरपूर शांतता. ते ज्यांना आवडतं त्यांनी इथली पहिली दहा मिनिटं दात आवळून काढावीत. ज्यांना हे आवडेल त्यांनी पुढे रशियन संगीतकार सोफिया गुबैदुलिना हिचं 1982 चं ‘सात वचनं’ ऐकावं. क्रूसावरची ख्रिस्ताची शेवटची वाक्यं, शब्दांशिवाय, चेलो, बायान आणि तंतुवाद्यांवर. बायान म्हणजे रशियन अकॉर्डियन. आपल्या पेटीसारखा त्याच्यातही भाता असतो आणि तो चक्क श्वास घेतो. त्यावर सवडीने वेगळं लिहीन.

याच सीडीवर नंतर ‘ट्रिस्ट’ आहे, मॅकमिलनचंच, 1989 चं. एका स्कॉटिश प्रेमकवितेला त्याने आधी लावलेली चाल घेऊन केलेलं. वाईट अजिबात नाही, पण घंटांनंतर लगेच सुरू होतं आणि मला ते नकोसं होतं. मी तिथे बंद करते आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकते. ताल वाजवणाऱ्या प्रत्येकासाठी साडेचार तारे. ज्यांना सीडीवर गाण्याचे शब्द हवेत, घरी लावल्यावर पाहुण्यांनी ‘वा’ म्हणायला हवं, त्यांनी पैसे वाचवावेत.