सिगन तांब्याची खाण, बेथगेलर्ट (वेल्स): आई-बाबांना नेण्याआधी वाचा

बाबांची सगळी नोकरी मध्य प्रदेशातल्या मलाजखंड तांब्याच्या खाणीत, कॉन्सन्ट्रेटर प्लांटमध्ये (दळलेल्या दगडातून खनिज वेगळं काढायच्या कारखान्यात) गेली. त्यामुळे ते आमच्याकडे मँचेस्टरला आले तेव्हा राजवाडे-बिजवाडे बाजूला ठेवून त्यांना थेट या खाणीत नेलं. आईला हा बेत मुळीच पसंत नव्हता, हे आधीच सांगते.

खाण बेथगेलर्ट गावापासून मैलभरावर आहे. हेल्मेट देतात आणि आत सोडतात. सोबत गाइड नसतो, ठरावीक जागी रेकॉर्ड केलेलं निवेदन ऐकू येतं. आमच्यासाठी हे बरंच झालं, कारण बाबा एकेका भिंतीपुढून हलेनात.

बाबांच्या काळातलं मलाजखंड म्हणजे प्रचंड उघडी खाण, डंपर मुंगीएवढे दिसायचे. इथे सगळा हातचा मामला. मेणबत्तीच्या उजेडात पहार-हातोडीनं भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची आणि तांब्याच्या शिरेमागे, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या पट्ट्यामागे, डोंगरात घुसत जायचं. शीर पातळ झाली तरी अजून थोडं खणून बघायचं, लागली तर लागली. 1903 मध्ये हा उद्योग थांबला आणि 1986 मध्ये खाण पर्यटकांसाठी उघडली. मधल्या काळात पाणी झिरपून छताला तांबूस-नारिंगी सुळके लोंबू लागलेत. फोटो तिथेच काढा.

"एवढ्या धोंड्यातून एक तांब्या तरी निघतो का?" आईनं विचारलं. "आमच्याकडे शंभर किलोत किलोभर निघालं तरी खूश असायचो," इति बाबा. मग त्यांची गाडी सुटली ती थेट ग्लासडिरवर. याच उत्तर वेल्समधल्या त्या खाणीत 1897 मध्ये एल्मोर बंधूंनी दगडातून खनिज वेगळं काढायची तेलाची पद्धत बसवली, 1898 मध्ये पेटंट घेतलं. दळलेल्या दगडात पाणी आणि तेल मिसळायचं. खनिजाचे कण तेलाला चिकटून वर येतात, दगड तळाशी बसतो. मलाजखंडला हेच काम हवेच्या बुडबुड्यांवर, फेसात चालतं.

आता कामाचं. पायऱ्या भरपूर आहेत आणि बाहेर पडता ते पार वर, डोंगराच्या कुशीत. समोर ग्लासलिन नदीचं खोरं झकास दिसतं, पण गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं. आत बारा महिने गारठा, वरून टिपटिप. जाकीट आणि पकड असलेले बूट हवेतच, चपला नकोत.

पाचपैकी चार. आईचे दोन. ग्लासडिरच्या कारखान्याचे अवशेष डोल्गेथलाय गावाजवळच्या जंगलात आहेत, बाबांचा पुढचा हट्ट तोच.